डीईएफचा दिवा: आधी मोजा, मग भाग बदला

मा. संपादक,
स. न.

डिझेल कारच्या मीटरवर डीईएफचा, म्हणजे एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणाऱ्या युरियाच्या द्रावणाचा, दिवा लागतो, ‘इतक्या किलोमीटरनंतर गाडी सुरू होणार नाही’ अशी उलटी मोजणी सुरू होते आणि घाबरलेला मालक गॅरेज गाठतो. तिथे बहुधा दोनच गोष्टी सुचवल्या जातात: टाकी-पंपाचा अख्खा संच बदला, नाहीतर ही सगळी यंत्रणा बंद पाडून ‘बायपास’ करून टाका. पहिली पुष्कळदा गरजेची नसते, दुसरी तर चूकच आहे. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरच्या उत्सर्जनाचे नियम लागू झाले आणि डीईएफची टाकी आणखी बऱ्याच डिझेल कारमध्ये आली. म्हणून दुरुस्तीच्या क्रमाबद्दल हे पत्र.

पहिला संशय द्रावणावर घ्यावा. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि ६७.५ टक्के क्षारमुक्त पाणी. गरम एक्झॉस्टमध्ये फवारले की त्याचा अमोनिया होतो आणि एससीआर कॅटॅलिस्टवर (एक्झॉस्टमधल्या रासायनिक जाळीवर) तो नायट्रोजन ऑक्साइड (नॉक्स) या घातक वायूचे नायट्रोजन व वाफेत रूपांतर करतो. आपल्या नाशिकसारख्या शेतीच्या जिल्ह्यात खताचा युरिया आरओच्या पाण्यात विरघळवून टाकीत ओतण्याचा मोह होतो. तो महागात पडतो. खताच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा थर असतो. त्यात बाययुरेट (युरिया बनताना तयार होणारी अशुद्धी) १.५ टक्क्यांपर्यंत चालते, डीईएफमध्ये मात्र मर्यादा ०.३ टक्के आहे. बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम तर कॅटॅलिस्टवर कायमचा बसतो. शिवाय अनुदानाचे खत शेतीबाहेर वापरणे हा गुन्हाही आहे.

रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रावणाची तीव्रता दाखवणाऱ्या छोट्या यंत्रावर) दोन थेंब टाकून प्रमाण तपासावे, पण एवढ्यावर विसंबू नये. खताच्या युरियाचे द्रावणही ३२.५ दाखवू शकते, कारण हे यंत्र फक्त घट्टपणा मोजते, शुद्धता नाही. टाकीतला नमुना काचेच्या स्वच्छ बरणीत दहा मिनिटे ठेवावा. वर तेलकट थर आला तर डिझेल किंवा निंबतेल मिसळले आहे. डिझेलने पंपातली रबरी सील फुगतात, तेव्हा संच खरोखरच बदलावा लागतो. कॅन घेताना आयएसओ २२२४१ हे डीईएफचे मानक आणि उत्पादनाची तारीख पाहावी. ३५ अंशांपर्यंतच्या उष्णतेत डीईएफ साधारण सहा महिनेच टिकते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली राहिलेला कॅन घेऊ नये.

द्रावण ठीक असेल तर ते एक्झॉस्टमध्ये फवारणारे नोझल पाहावे. इथेच सगळ्यात जास्त बिघाड सापडतात. कॉलेज रोड ते गंगापूर रोड अशा छोट्या फेऱ्यांत एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही आणि नोझलच्या तोंडाशी पांढरे खडे धरतात. नोझल काढून गरम डिस्टिल्ड पाण्यात भिजवावे. पिन, तारेचा ब्रश किंवा नळाचे पाणी वापरू नये. पाण्यात न विरघळणारा कडक थर पाइपमध्ये असेल तर त्याला रिजनरेशनची (एक्झॉस्ट खूप तापवून काजळी जाळण्याची) उष्णताच लागते. मग नोझल लाइनला (पंपाकडून येणाऱ्या नळीला) जोडून, तोंड मापाच्या भांड्यात धरून स्कॅनरवरून (गाडीच्या संगणकाला जोडायच्या तपासणी-यंत्रावरून) डोसिंग टेस्ट, म्हणजे द्रावण फवारण्याची चाचणी, घ्यावी. भांड्यात जमलेले प्रमाण कंपनीच्या आकड्याशी जुळले पाहिजे, फवारा बारीक हवा आणि टेस्ट थांबल्यावर थेंब गळता कामा नये. बसवताना गॅस्केट नवीनच.

लाइनमधला दाब बऱ्याच कारमध्ये ५ बारच्या आसपास असतो. तो हळूहळू चढत असेल तर फिल्टर तुंबलेला असतो. चढून लगेच पडत असेल तर लाइन किंवा नोझल गळते. पंपाला दोष देण्याआधी कनेक्टर उघडून पाहावेत. डीईएफ तांब्याच्या तारेतून वर चढत जाते, तेव्हा हिरवट-पांढरा भाग संपून लखलखीत तांबे दिसेपर्यंत वायर कापावी लागते.

स्कॅनरवर पी२०ईई हा बिघाडाचा कोड दिसला की लगेच महागडा नॉक्स सेन्सर किंवा कॅटॅलिस्ट बदलला जातो. हा कोड कॅटॅलिस्टचा परिणाम कमी पडल्याचे सांगतो, कोणता भाग गेला ते नाही. इंजिन तापवून डोसिंग बंद ठेवावे आणि कॅटॅलिस्टच्या पुढच्या-मागच्या नॉक्स सेन्सरचे आकडे पाहावेत. ते जवळपास सारखे यायला हवेत. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर दोन्ही शून्याकडे यावेत. मागच्या सेन्सरला अमोनिया आणि नायट्रोजन ऑक्साइड यांतला फरक कळत नाही. म्हणून डोसिंग बंद केल्यावर त्याचा आकडा उलट खाली आला, तर द्रावण कमी नव्हे, जास्त पडते आहे: गळक्या नोझलची ही खूण. टाकीतले द्रावण गोठू नये म्हणून असलेल्या हीटरच्या कोडवर मात्र फार वेळ घालवू नये. डीईएफ उणे ११ अंशांना गोठते आणि निफाडच्या कडाक्यातही पारा तिथे पोहोचत नाही. तरी हीटरचे सर्किट तुटले की दिवा लागतोच, तेव्हा फ्यूज आणि रेझिस्टन्स तपासून घ्यावा.

दुरुस्तीनंतर स्कॅनरवरून अ‍ॅडॅप्टेशन (डोसिंगचा गाडीच्या संगणकात साठलेला जुना हिशेब) रीसेट करावे आणि द्वारकेवरून पिंपळगाव बसवंतपर्यंत महामार्गाने एक फेरी मारावी. इंजिन बंद केल्यावर थोडा वेळ पंपाचा आवाज येतो. तेव्हा लाइन रिकामी होत असते. त्याच क्षणी बॅटरीची वायर काढली तर उरलेले द्रावण वाळून पुन्हा खडे होतात.

बायपास केलेली गाडी पीयूसीत सहज पास होते, कारण डिझेलच्या पीयूसीत धुराची घनता मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही. तो वायू मुंबई नाक्याच्या सिग्नलला स्कूटरवर मागे बसलेल्या मुलाच्या छातीत जातो. आरटीओने पीयूसीच्या वेळी ओबीडी स्कॅनही (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणे) सक्तीचा करावा. आणि गाडीमालकांनी भाग बदलायला होकार देण्याआधी जॉबकार्डावर चार आकडे लिहून मागावेत: द्रावणाचे प्रमाण, लाइनचा दाब, डोसिंग टेस्टचे मिलिलिटर आणि दोन्ही नॉक्स सेन्सरचे रीडिंग.

— डिझेल वाहन दुरुस्ती करणारे काही वाचक, अंबड, नाशिक