प्रिस्टले यांचे लेखन मराठीत यावे

महोदय,

आपल्या विज्ञान दिनाच्या पुरवणीत अठराव्या शतकातले इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रिस्टले यांच्यावरचा लेख वाचला. ऑक्सिजन आणि सोडावॉटर एवढ्यावर तो संपला. प्रिस्टले धर्मोपदेशक होते आणि विज्ञानापेक्षा धर्मावर त्यांनी कितीतरी अधिक लिहिले, याचा त्यात उल्लेखही नाही.

देवगड तालुक्यात विज्ञान शिकवताना त्यांचा पुदिन्याचा प्रयोग मी मुलांकडून करून घेत असे. मेणबत्ती जळून विझलेल्या हवेत त्यांनी १७ ऑगस्ट १७७१ रोजी पुदिन्याची डहाळी ठेवली. २७ तारखेला त्याच हवेत दुसरी मेणबत्ती व्यवस्थित जळली. आमच्याकडे ऑगस्ट म्हणजे ऐन पाऊस. खिडकीतल्या बरणीत डहाळी पिवळी पडायची, काचेला आतून दव धरायचे आणि तारेला बांधून आत सोडलेली मेणबत्ती चटकन विझायची. मुले हिरमुसायची. मग मी सांगे, खुद्द प्रिस्टलेंनाही हा प्रयोग पुढे कधी साधला, कधी फसला, आणि फसला तेही त्यांनी छापले. विटलेली हवा पुन्हा चांगली करायला झाडाला उजेड लागतो, हे १७७९ मध्ये डच वैद्य इंगेनहाउझ यांनी दाखवले. फसलेले प्रयोग इतक्या मोकळेपणी सांगणारा लेखक मुलांच्या हाती द्यायलाच हवा.

धर्माच्या बाबतीतही त्यांची हीच रीत. १७८२ साली ख्रिस्ती धर्मात शिरलेल्या विकृतींचा इतिहास लिहून त्यांनी मांडले की देव एकच. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा त्रैक्याचा सिद्धांत मागाहून आला. आक्षेप घेणाऱ्यांना ते छापील उत्तरे देत राहिले. त्यांच्या मतांचा राग लोकांच्या मनात साचला होताच. १४ जुलै १७९१ रोजी फ्रेंच राज्यक्रांतीच्या मेजवानीचे निमित्त झाले (तिला ते गेलेही नव्हते) आणि बर्मिंगहॅममध्ये जमावाने त्यांचे प्रार्थनाघर, राहते घर, प्रयोगशाळा, हस्तलिखिते सगळ्याची राख केली. १७९४ मध्ये त्यांनी अमेरिका गाठली. वस्तू जळताना तिच्यातून फ्लॉजिस्टन नावाचे द्रव्य बाहेर पडते, ही जुनी कल्पना त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही, हे मात्र मला खटकते.

हा माणूस आपल्याला वाटतो तितका परका नाही. इंग्लंडचे प्रस्थापित चर्च न मानणाऱ्यांना ऑक्सफर्डची दारे बंद होती, म्हणून त्यांनी स्वतःच्या शिक्षणसंस्था काढल्या. त्यांपैकी वॉरिंग्टनच्या संस्थेत प्रिस्टले शिकवत. तिचाच वारसा सांगणारे मँचेस्टर कॉलेज पुढे ऑक्सफर्डला आले आणि १९०१ मध्ये प्रार्थना समाजाचे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे तिथे शिकायला गेले. प्रार्थना समाजाच्या इतिहासात रस असणाऱ्यांनी तरी हा धागा सोडू नये.

प्रिस्टलेंचे मूळ ग्रंथ इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. निवडक उतारे आपण रविवारच्या अंकात क्रमशः छापावेत, ही विनंती. विज्ञानाचे आणि धर्माचे दोन्ही घ्यावेत. पुदिन्याच्या प्रकरणाचा अनुवाद मी करून पाठवते.

एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
देवगड, जि. सिंधुदुर्ग