गप्प बाळंतिणीसाठीही रकाना हवा

महोदय,

सप्टेंबरातला पोषण महिना आला की आम्हा अंगणवाडी सेविकांचा सगळा जीव वजनकाट्यात अडकतो. माझ्याकडे येणारी एक तीन वर्षांची मुलगी वजन-उंचीत हिरव्या पट्ट्यात आहे, म्हणजे कागदोपत्री उत्तम. पण तिच्या हातातली बाहुली कुणी ओढून नेली तरी ती रडत नाही, भांडत नाही, माझ्याकडे बघतसुद्धा नाही. बाकीची पोरं अशा वेळी 'ताईऽऽ' करून अंगणवाडी डोक्यावर घेतात.

ही त्या घरातली दुसरी लेक. हिच्या जन्मापासून आई गप्पगप्प झाली. लेकीला न्हाऊ-खाऊ घालते, पण बोलत नाही. नवरा म्हणतो आळशी आहे, शेजारणी म्हणतात बाहेरचं असेल. बाळ हुंकारलं की आईनं 'काय गं सोने' म्हणायचं, मग त्यानं पुन्हा हुंकारायचं. यातूनच पोर माणसांत मिसळायला शिकतं. नैराश्यात आईला तेवढंही त्राण उरत नाही. यात तिचा दोष नाही, आणि अशा प्रत्येकीचं मूल मागे पडतं असंही नाही. घरात बोलकी आजी असली तरी बराच फरक पडतो. या घरात आजी नाही.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी जातात. बाळाचं वजन, ताप, श्वास बघतात. आईसाठीही त्यांच्या तक्त्यात प्रश्न आहेत: ताप आहे का, दूध येतं का, असंबद्ध बडबडते का. गप्प बसणारीसाठी मात्र रकाना नाही.

गोव्यातल्या मातांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के जणींना नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याचा मार आणि मुलगी होणं यांनी धोका वाढत होता. आमच्या गावात वेगळं चित्र असेल असं मला वाटत नाही. असं नैराश्य ओळखायची एडिनबर्गची दहा प्रश्नांची प्रश्नावली १९८७ पासून आहे. दहा जमत नसतील तर दोन तरी विचारा: कशात मन लागतं का, सारखं रडू येतं का? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे खरा, पण फोन नवऱ्याच्या खिशात असतो.

फक्त यासाठी आणखी एक ॲप आमच्या गळ्यात मारू नका. आशाताईंना नीट प्रशिक्षण द्या, भेटीचे पैसे वाढवा आणि तालुक्याच्या रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी समुपदेशक बसवा. आत्ता अशा बाईला जिल्ह्याच्या गावी पाठवावं लागतं. एसटीचं भाडं जातं, वर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ती जातच नाही.

– एक अंगणवाडी सेविका, जि. सातारा