तुझ्या लेकीच्या आठवीच्या गणिताबद्दल

वडगाव, बेळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप आणि लेकीच्या चाचणीच्या पेपराचे फोटो मिळाले. सातवीपर्यंत मराठी शाळेत गणितात पुढं असलेली पोरगी इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात गेल्यावर पहिल्याच चाचणीत मागं पडली, म्हणून तू हबकला आहेस. "तिला गणित समजंना झालंय" असं तू म्हणतोस. मला ते पटत नाही. पेपर मी ओळ न ओळ बघितला. जिथं नुसते आकडे आणि चिन्हं आहेत तिथं तिची उत्तरं बरोबर आहेत. जिथं प्रश्न शब्दांत विचारलाय तिथं जागा कोरी आहे, नाहीतर भलतंच काही लिहिलंय. तिला गणित येतंय रे, प्रश्न कळत नाही.

कळणार तरी कसा? पुस्तक इंग्रजी, बाई फळ्यावर समजावतात कन्नडात, आणि पोरगीचा मनातला हिशोब चालतो मराठीत. आपल्या भागातल्या कितीतरी पोरांचं हेच आहे. आज ना उद्या पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घ्यायचं तर सगळं इंग्रजीतच येणार, तेव्हा हा पूल तिला ओलांडावा लागणारच. आठवीत ओलांडला तर बरं, तीन वर्षं हातात आहेत.

आता तुला बरेच जण सांगतील, मराठी शब्द विसरू दे, थेट इंग्रजी पाठ करू दे. ऐकू नकोस. 'काँग्रुएंट' म्हटलं तर तिच्या डोळ्यांपुढं काही उभं राहत नाही. 'एकरूप' म्हटलं की एकावर एक ठेवलेले, तंतोतंत जुळणारे दोन त्रिकोण तिला दिसतात. कल्पना तिच्याजवळ आहे, तिला फक्त आणखी एक नाव जोडायचंय. मराठी काढून घेतलीस तर ते नाव जोडणार कशाला?

मात्र काही ठिकाणी फार सावध राहावं लागतं, आणि ती ठिकाणं सीमेवरच्या पोरांनाच आडवी येतात. पेपरातला कोनांचा प्रश्न काढून बघ. ३५ अंशाच्या कोनाचा कॉम्प्लिमेंटरी कोन विचारलाय आणि तिनं १४५ लिहिलंय. उत्तर ५५ हवं होतं. ती कुठं अडकली ते माझ्या लगेच लक्षात आलं. मराठीत बेरीज ९० अंश असेल तर ते कोटिकोन आणि १८० असेल तर पूरक कोन. कन्नडात ९० वाल्या जोडीला 'पूरक' म्हणतात आणि १८० वाल्या जोडीला 'परिपूरक'. बाईंनी वर्गात 'कॉम्प्लिमेंटरी म्हणजे पूरक' असं सांगितलं असणार, कन्नडात ते अगदी बरोबर आहे. पण पूरक म्हणजे १८० हे तुझ्या लेकीच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तिनं इमानानं १८० मधून ३५ वजा केले. वजाबाकी बरोबर, समजूत बरोबर, मार्क शून्य. याला गणित न येणं म्हणायचं का?

असाच दुसरा शब्द 'कर्ण'. आपण काटकोन त्रिकोणातल्या सर्वांत लांब बाजूलाही कर्ण म्हणतो आणि चौकोनाचे समोरासमोरचे कोपरे जोडणाऱ्या रेषेलाही कर्णच म्हणतो. कन्नडात चौकोनाचा तो 'कर्ण', पण काटकोन त्रिकोणाचा 'विकर्ण'. इंग्रजीतही दोन वेगळे शब्द आहेत, डायगोनल आणि हायपोटेन्युज. हे दोन शब्द, पूरक आणि कर्ण, तिच्या वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईनं लिहून ठेव.

बाकी कन्नड नावांची भीती बाळगू नकोस. त्रिकोणाला त्रिभुज, चौकोनाला चतुर्भुज, वर्तुळाला वृत्त, काटकोनाला लंबकोन, एकरूपला सर्वसम, भूमितीला रेखागणित. एकदा ऐकली की कळतात. आणि बीजगणित, समीकरण, सहगुणक, घातांक, त्रिज्या, व्यास, आयत हे शब्द तर दोन्हीकडं सारखेच. सारखे असणारच, दोन्ही भाषांनी ते संस्कृतातून उचलले. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत गणितग्रंथ लिहिला, तेव्हा आपला हा मुलूख आणि पलीकडचा मुलूख एकाच राज्यात होता. पोरगीला हे मुद्दाम सांग. वर्गात कन्नड कानावर पडलं की ती बावरते असं वहिनी म्हणाल्या. त्यातले निम्मे शब्द आपल्याच घरातले आहेत हे कळलं की तिचा जीव थोडा सैल होईल.

आता बीजगणिताकडं येतो. इथं मोठ्या शब्दांपेक्षा बारके शब्द जास्त घात करतात. 'फाइव्ह लेस दॅन क्ष' असा प्रश्न असला की पोरं ५ – क्ष लिहितात, कारण इंग्रजीत पाच आधी कानावर पडतो. मराठीत तेच 'क्ष पेक्षा ५ ने कमी'. जसं बोललं तसं लिहिलं तरी क्ष – ५ येतं. कन्नडातही 'क्ष गिंत ५ कडिमे', म्हणजे क्रम आपलाच. तेव्हा असं वाक्य आलं की तिनं ते आधी मनात मराठीत म्हणावं आणि मगच लिहावं. इंग्रजी माध्यमात पहिलीपासून शिकलेल्या पोरांनाही हा प्रश्न चुकवतो, आणि तुझ्या लेकीजवळ त्याचं उत्तर जन्मापासून आहे. 'च्या दुपटीपेक्षा ३ ने जास्त', 'च्या निम्म्याहून ४ ने कमी' अशी दहाबारा वाक्यं जेवताना तोंडी विचारत जा.

पद, चल, सहगुणक हे शिकवायला तुझी सिमेंटची पावती पुरे. एका पोत्याचा दर क्ष रुपये धर. १२ पोती घेतलीस आणि टेम्पोचं भाडं ६०० दिलंस, तर खर्च झाला १२क्ष + ६००. यात १२क्ष हे एक पद, ६०० हे दुसरं. क्ष हा चल, कारण दर बदलतो. १२ हा त्याचा सहगुणक. ६०० ला चल चिकटलेला नाही म्हणून ते स्थिर पद. पण एक गोष्ट ठासून सांग, क्ष म्हणजे पोतं नव्हे. क्ष म्हणजे पोत्याचा दर, एक संख्या. काही शिकवणारे 'अ म्हणजे आंबा, ब म्हणजे बोर' असं सांगून मोकळे होतात. तेवढ्यापुरतं सोपं वाटतं, पण पुढं अ गुणिले ब आलं की आंब्याला बोरानं गुणायचं कसं, म्हणून पोर अडतं. अक्षराच्या जागी कायम संख्या असते. आपल्या जुन्या गणितींनी तर अज्ञात संख्यांना रंगांची नावं दिली होती. भास्कराचार्यांकडं पहिली अज्ञात संख्या 'यावत्तावत्' आणि पुढच्या कालक, नीलक, पीतक, म्हणजे काळी, निळी, पिवळी. नाव काहीही द्या, आत संख्याच.

खर्च ५४०० झाला असं कळलं की १२क्ष + ६०० = ५४०० हे समीकरण तयार झालं, आणि क्ष निघतो ४००. बरोबरचं चिन्ह नसेल तर ती नुसती राशी. राशीला सरळरूप देतात, तिचे अवयव पाडतात. समीकरण सोडवतात. पेपरात कोरं सोडलेलं तिसरं गणित बघ, तिथं 'सिम्प्लिफाय' होतं. सॉल्व्ह म्हणजे सोडवा, सिम्प्लिफाय म्हणजे सरळरूप द्या, फॅक्टराइझ म्हणजे अवयव पाडा, इव्हॅल्युएट म्हणजे किंमत काढा, व्हेरिफाय म्हणजे पडताळा पाहा, प्रूव्ह म्हणजे सिद्ध करा. प्रश्नात काय करायचं हेच क्रियापद सांगतं. नामं सगळे पाठ करून घेतात, क्रियापदांकडं कुणी बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

भूमितीसाठी तू मला विचारतोस याचंच मला नवल वाटतं. "मी गवंडी माणूस, मी काय शिकवणार" म्हणे! तुझ्या हातातल्या गुण्याला तिच्या कंपासपेटीतही गुण्याच म्हणतात. पाया आखताना तू एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करतोस आणि तिरकं माप ५ फूट आलं की कोपरा काटकोनात आहे म्हणतोस. ते पायथागोरसचं प्रमेय आहे, ९ आणि १६ मिळून २५, आणि ते तिरकं माप म्हणजे कर्ण. ओळंबा सोडतोस तो जमिनीच्या पातळीला लंब. तुझ्या कौलारू घराची कैची तिला खालून दाखव. दोन्हीकडचे वासे सारखे, म्हणून समद्विभुज त्रिकोण. आढ्याशी शिरोबिंदू, खालची तुळई हा त्रिकोणाचा पाया. आढ्यापासून तुळईच्या मध्यावर उतरणारा खांब ही मध्यगा, आणि वासे सारखे असल्यामुळं तोच तुळईला लंब, म्हणजे शिरोलंबही. एका बाजूचा वासा लांब केला तर हे दोन्ही वेगळे होतात, ते तिला कागदावर काढून बघू दे. तुळईकडचा एखादा कोन काटकोनापेक्षा पसरट झाला, म्हणजे विशालकोन त्रिकोण झाला, तर शिरोलंब त्रिकोणाच्या बाहेरही पडतो. पुस्तकात तळाची बाजू नेहमी आडवी काढलेली असते, त्यामुळं पोरांना वाटतं शिरोलंब म्हणजे आतली उभी रेघ. म्हणून कागद फिरवून, तिरका धरून प्रत्येक आकृती ओळखायला लाव.

समांतर रेषा आणि छेदिका मी इथल्या पोरांना टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर दाखवतो. दोन रूळ समांतर, तिरका जाणारा रस्ता छेदिका, आणि दोन्ही रुळांशी एकाच जागी होणारे कोन हे संगत कोन.

गुंठ्याचा हिशोबही सोडू नकोस. ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. चौरस आखून ३३ ची ३० आणि ३ अशी फोड करायला सांग. एक मोठा चौरस ९०० चा, ९० चे दोन लांबट आयत, आणि कोपऱ्यात ९ चा चिमुकला चौरस. बेरीज १०८९. (अ + ब) च्या वर्गात २अब कुठून येतं हे त्यानंतर तिला सांगावं लागणार नाही. मधलं पद विसरणाऱ्या किती पोरांना मी हे आखायला लावलंय, एकदा ते दोन आयत डोळ्यांनी दिसले की ते पद सुटत नाही.

वही कशी करायची ते सांगतो. डावीकडं आकृती, शेजारी मराठी, कन्नड, इंग्रजी नाव, आणि उजवीकडं तिनं स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं एक वाक्य. पुस्तकातली व्याख्या उतरवून घेऊ नकोस. क्रम अक्षरांप्रमाणं लावू नकोस. बिंदू, रेषा, किरण, रेषाखंड आधी, मग कोन, मग त्रिकोण, चौकोन आणि शेवटी वर्तुळ, कारण व्यास म्हणजे केंद्रातून जाणारी जीवा हे म्हणायचं तर केंद्र आणि जीवा आधी ठाऊक हवेत. रोज तीनचारच शब्द. आणि प्रत्येक शब्दाला एक उलटा प्रश्न विचार. चौरस हा आयत असतो का? असतो, चारही कोन काटकोन आहेत की. मग प्रत्येक आयत चौरस असतो का? समभुज चौकोन चौरस कधी होतो? ती वाद घालायला लागली की समज, शब्द तिचा झाला.

वर्गात बाईंना विचारायला ती लाजत असेल तर तू जाऊन भेट. तक्रार घेऊन जाऊ नकोस. पूरक कोनाचा घोटाळा नीट समजावून सांग, मराठी शाळेतून आलेल्या बाकी पोरांनाही त्याचा उपयोग होईल. बाईंना कदाचित हे माहीतच नसेल, त्यांनी मराठीत गणित शिकलंय थोडंच.

पुस्तकाच्या पहिल्या चार धड्यांचे फोटो पाठव, त्यातले शब्द तिन्ही भाषांत लिहून मी धाडतो. कन्नड शब्द इथल्या कन्नड शिकवणाऱ्या शेजाऱ्यांकडून तपासून घेईन. गणपतीला येतोयस तेव्हा तिला आणि ती वही दोन्ही घेऊन ये, दोन दिवस राहू दे माझ्याकडं.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि लेकीला अनेक आशीर्वाद.

तुझाच,
वडगावचा मित्र