चेंडू स्विंगच्या वेगावर नव्हे, ग्रीनवरच्या वागण्यावर निवडावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गोल्फचा चेंडू घ्यायला गेलेल्या हौशी खेळाडूला दुकानात पहिला प्रश्न होतो तो स्विंग स्पीडचा, म्हणजे फटका मारताना क्लब किती वेगाने फिरतो याचा. ड्रायव्हरचा (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबचा) वेग ताशी ८५ मैलांच्या आत असला की कमी कॉम्प्रेशनचा 'सॉफ्ट' चेंडू, शंभरच्या पुढे गेला की टणक चेंडू, असा सरळ तक्ता असतो. क्रीडा पुरवण्यांमधूनही तो अधूनमधून छापून येतो. हा तक्ता अपुरा आहे. त्याने सर्वाधिक नुकसान होते ते हळू स्विंगच्या, म्हणजे ज्यांच्या भल्यासाठी तो सांगितला जातो त्याच खेळाडूंचे.

कॉम्प्रेशन म्हणजे ठरावीक भाराखाली चेंडू किती दबतो याचे माप. जुन्या प्रचलित मोजणीत अजिबात न दबणाऱ्या चेंडूला २०० अंक, आणि इंचाच्या दर हजाराव्या भागाइतक्या दबण्याला एक अंक वजा. त्यामुळे १०० अंकी चेंडू त्या भाराखाली इंचाचा दहावा भाग, म्हणजे अडीच मिलिमीटर दबतो. टायटलिस्ट प्रो व्ही-१ नव्वदीच्या आसपास, प्रो व्ही-१एक्स शंभरीजवळ आणि कॅलवे सुपरसॉफ्ट चाळिशीच्या आसपास मोजला जातो. गोल्फच्या नियमांत चेंडूचे वजन (कमाल ४५.९३ ग्रॅम), व्यास (किमान ४२.६७ मि.मी.) आणि वेग यांवर बंधन आहे, कॉम्प्रेशनवर नाही. प्रत्येक कंपनी आपल्या यंत्रावर मोजते. म्हणून एका कंपनीचा ७० आणि दुसरीचा ७५ यांची तुलना करून चेंडू ठरवण्यात अर्थ नाही.

'तुमच्या ताकदीने टणक चेंडू दबणारच नाही' हे वाक्य रबरी दोरा गुंडाळलेल्या चेंडूंच्या काळापासून चालत आले आहे. तेव्हा दोऱ्याचा ताण बदलून एकाच चेंडूचे ९० आणि १०० असे प्रकार निघत. टायटलिस्टच्या चेंडूवर लाल आकडा म्हणजे ९०, काळा म्हणजे १००. सन २००० मध्ये प्रो व्ही-१ आला आणि त्यानंतर दोऱ्याचे चेंडू झपाट्याने मागे पडले, पण समजूत तशीच राहिली. हिशेब करून पाहावा. ताशी ७५ मैलांच्या स्विंगने चेंडू साधारण ११० मैलांनी सुटतो. क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. एवढ्या वेळात ४६ ग्रॅमच्या चेंडूला तो वेग द्यायचा तर सरासरी साडेचारशे किलोच्या वजनाइतके बल लागते, आणि त्याचा कमाल बिंदू याहूनही वर जातो. म्हणजे सत्तरीतल्या आजोबांच्या फटक्यानेही बाजारातला प्रत्येक चेंडू दबतो.

मग फरक कशात पडतो? एक, वेगात. गाभ्याचे पॉलिब्युटाडाइन रबर जितके घट्ट जोडलेले, तितका चेंडू टणक आणि उसळीचा. मऊ गाभ्यात ऊर्जा थोडी जास्त वाया जाते. जोरकस स्विंगला हा तोटा जाणवतो; हळू स्विंगला फारच थोडा, पण फायदा म्हणावा असे काही त्यातून निघत नाही. चेंडूचा वेग ताशी एक मैलाने घटला की ड्रायव्हरची कॅरी (टप्पा पडेपर्यंतचे हवेतले अंतर) दोनेक यार्डांनी कमी होते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

दुसरा फरक स्पिनचा, म्हणजे चेंडूच्या फिरकीचा, आणि खरी मेख इथेच आहे. मऊ चेंडू सर्वच क्लबांनी कमी फिरतो. ताशी ८० मैलांच्या स्विंगवाल्याची ड्रायव्हरची कॅरी १८०-१८५ यार्ड असते. साडेतीनशे यार्डांच्या पार-४ (चार फटक्यांच्या) होलवर रोल, म्हणजे टप्प्यानंतरची धाव, धरूनही त्याला दुसरा फटका हायब्रिड किंवा ५-वूड अशा लांब पल्ल्याच्या क्लबने घ्यावा लागतो. वेग कमी, म्हणून उंची कमी. उंची कमी, म्हणून चेंडू सपाट कोनात उतरतो. अशाला कमी स्पिनचा चेंडू दिला, तर ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) टप्पा पडूनही तो मागच्या बंकरपर्यंत, म्हणजे वाळूच्या खड्ड्यापर्यंत, घरंगळत जातो. उन्हाळ्यात आपली ग्रीन्स कडक होतात तेव्हा तर हमखास. या खेळाडूला उलट उंची आणि स्पिन देणारा चेंडू हवा. ज्याचा ड्रायव्हर मुळातच जास्त स्पिन देतो आणि ज्याचा चेंडू स्लाइसने उजवीकडे वळतो, त्याला मात्र मऊ चेंडूचा उपयोग होतो. वळण थोडे कमी पडते. पटिंगला मऊ स्पर्श आणि दबका आवाज आवडणे हेही योग्य कारण आहे, फक्त ते आवडीचे कारण आहे हे ठाऊक असावे.

वेजवरचा (जवळच्या उंच फटक्यांच्या क्लबवरचा) स्पिन मुख्यतः चेंडूचे कव्हर ठरवते. युरेथेन या मऊ प्लास्टिकचे कव्हर वेजच्या खाचांत पकडले जाते. सर्लिनसारखे आयोनोमरचे (टणक प्लास्टिकचे) कव्हर घसरते, पण जास्त टिकते आणि स्वस्त पडते. कॉम्प्रेशन ७० असूनही युरेथेन कव्हर असलेले चेंडू मिळतात. डब्यावर कॉम्प्रेशनचा आकडा पाहण्याआधी 'युरेथेन' हा शब्द शोधावा. महिन्यातून एकदा खेळणारा आणि दर फेरीत चार-पाच चेंडू पाण्यात घालवणारा असेल, तर आयोनोमरचा दोन-पीस (गाभा आणि कव्हर एवढाच) चेंडू घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

कंपन्यांचेही यावर एकमत नाही. ब्रिजस्टोनने ताशी १०५ मैलांची रेघ मारून आपल्या टूर बी मालिकेतले चेंडू वाटून दिले. टायटलिस्ट जाहीरपणे सांगते की स्विंग स्पीडवरून चेंडू निवडू नये. माझा कौल टायटलिस्टच्या बाजूला आहे.

चाचणी ग्रीनपासून सुरू करून मागे मागे जात करावी. तीन मॉडेल, प्रत्येकी एक स्लीव्ह (तीन चेंडूंचे पाकीट). आधी ग्रीनच्या कडेवरून चिप (बुटका, धावता फटका), मग ३० ते ४० यार्डांचा पिच (उंच फटका): टप्प्यानंतर चेंडू किती पावले धावतो ते मोजावे. मग ७-आयर्नने ग्रीनवर दहा-दहा फटके. लाँच मॉनिटर (उड्डाण मोजणारे यंत्र) मिळाल्यास उतरण्याचा कोन ४५ अंशांच्या आसपास किंवा वर आहे का ते पाहावे. ड्रायव्हर शेवटी, आणि तिथे एखाद्या लांब फटक्याने हुरळून न जाता सरासरी पाहावी. रेंजवरच्या (सरावाच्या मैदानावरच्या) चेंडूंनी ही चाचणी करू नये. ते झिजलेले आणि बहुधा टणक असतात, त्यामुळे स्पिनचे आणि अंतराचे आकडे फसवे येतात. स्विंग स्पीड हवाच असेल, तर ड्रायव्हरच्या कॅरीला २.३ ने भागावे. हौशी खेळाडूसाठी एवढा अंदाज पुरतो. चेंडू ठरला की अख्खी फेरी त्याच मॉडेलने खेळावी. एका होलला सॉफ्ट आणि पुढच्या होलला टूर चेंडू घेतला, तर चिपचा हात कधीच बसत नाही.

पावसाळ्यात पुण्यात काय किंवा खारघरला काय, फेअरवेवर रोल जवळजवळ मिळत नाही, म्हणून कॅरी पाहावी. ओल्या वेजने स्पिन बराच घटतो. प्रत्येक फटक्याआधी क्लबचा चेहरा कोरडा पुसावा. तळ्यातून काढून रंगवलेले चेंडू टाळावेत: रंगाने खळगे भरतात, उड्डाण बिघडते. मे महिन्यात डबा गाडीच्या डिकीत ठेवू नये. आणि अंतर वाढावे म्हणून चेंडू मुद्दाम तापवून खेळणे तर नियमबाह्य आहे, नियम ४.२ नुसार त्याला थेट बाद करतात.

– एक गोल्फ प्रशिक्षक, पुणे