रात्रपाळीचा ब्लोअर

साउथ तुकोगंज, इंदूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. प्लांट हेड झालास, मनापासून अभिनंदन! पण तुझा शेवटचा प्रश्न डोक्यातून जात नाही. वरून 'आध्यात्मिक नेतृत्व आणि शाश्वतता' असा कार्यक्रम घ्यायला सांगितलाय, तर ध्यानाचा तास ठेवू की कुणा महाराजांचं व्याख्यान? मला विचारशील तर आधी दोन्ही नको. तुझ्या कामगारांत वारी करणारे असतील, नमाज पढणारे असतील, काहीच न मानणारेही असतील. साहेबाची श्रद्धा नोटीस बोर्डावर लागली की तिची हजेरी होते.

तू रात्री दोन वाजता इटीपीवर, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर, जा.

इंदूरच्या सांवेर रोडच्या कारखान्यांच्या पट्ट्यात मी बरीच वर्षं काढली, म्हणून सांगतो. सांडपाण्यातली घाण खातात जिवाणू, आणि त्यांना हवा पुरवतो ब्लोअर. इटीपीत सर्वांत जास्त वीज तोच खातो, त्यामुळे बिल कमी करायचं ठरलं की पहिला हात त्याच्यावर पडतो. एका कारखान्यात मी डोळ्यांनी पाहिलंय: रात्री ब्लोअर बंद, लॉगबुकात चालू. हवा तुटली की जिवाणू गुदमरतात, टाकी काळवंडते, वास सुटतो आणि घडी परत बसायला कितीतरी दिवस जातात. त्या कारखान्याकडे आयएसओ १४००१ चं, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाचं, प्रमाणपत्र होतं.

तिकडचं पाणी उतरतं कान्ह नदीत, आणि कान्ह उज्जैनला त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते. २०२८ चा सिंहस्थ त्याच क्षिप्रेवर भरणार आहे. ज्या ऑपरेटरकडून ते खोटं लिहून घेतलं जायचं, त्याची आई शनिश्चरी अमावास्येला त्रिवेणीवर स्नानाला जायची. हे त्यानेच मला सांगितलं. अशा माणसाला सकाळी दहा मिनिटं डोळे मिटून बसायला कोणत्या तोंडाने सांगायचं?

लुई फ्राय या अमेरिकन अभ्यासकाने २००३ मध्ये आध्यात्मिक नेतृत्वाची मांडणी केली. ध्येय, आशा आणि निःस्वार्थ प्रेम यांच्या बळावर नेता माणसाला दोन गोष्टी देतो: माझ्या कामाला अर्थ आहे ही जाणीव, आणि मी इथला आहे हा आपलेपणा. मला दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. कंत्राटी म्हणून ज्याची कँटीनमध्ये रांगच वेगळी, त्याने रात्री एकट्याने नदीची काळजी वाहावी ही अपेक्षा अन्यायाची आहे.

आणि आपण तर अहिल्याबाईंच्या गावात वाढलो. १७६७ ते १७९५ त्यांनी राज्य केलं ते शंकराच्या नावाने. हुकमावर सही 'श्रीशंकर' अशी. राज्य देवाचं, आपण कारभारी. घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या त्या खासगीच्या, म्हणजे स्वतःच्या खासगी मिळकतीच्या पैशातून, दौलतीच्या (राज्याच्या) खजिन्यातून नव्हे. मला यातलं हे खासगीचं फार महत्त्वाचं वाटतं. ब्लोअरच्या विजेचा खर्च तू तुझ्या टार्गेटमधून सोसलास, वर्षअखेरीस वरच्यांपुढे त्या आकड्यासाठी उभा राहिलास, तर खालच्या माणसाला वेगळं प्रवचन लागणार नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमाने २०२२-२३ पासून पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरणाचाही हिशेब द्यावा लागतो. चांगलंच आहे ते. पण त्या अहवालात शेवटी लॉगबुकातलाच आकडा जातो रे!

तेव्हा पहिल्या महिन्यात इटीपीला स्वतंत्र वीज मीटर आहे का बघ, नसेल तर बसव. रात्री काय चाललं ते युनिटवरून कळतं. ऑपरेटरला तुझा नंबर दे. ब्लोअर बंद करायला कुणीही सांगितलं तरी त्याने तुला झोपेतून उठवायचं, आणि उठवल्याबद्दल त्याला कुणी बोलणार नाही हे सुपरवायझरसमोर सांग. कँटीनची रांग एक कर. एवढं झाल्यावर कामगारांनी आपणहून ध्यानाची खोली मागितली तर जरूर दे, फक्त हजेरी घेऊ नकोस.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. मीटरचं काय झालं ते कळव.

तुझा,
बालमित्र