चि. कृपास

अहमदनगर, रविवार रात्र

चि. कृपा हिस,
सप्रेम सलाम.

तू पोहोचल्याचा फोन आईला आला, तो मी शेजारी बसून ऐकला. 'दे इकडे' म्हणायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितोय.

चर्चला जातेस का, हे विचारणार नाही. तो विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसलोय. पण आज उपासनेत मंडळी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायला उभी राहिली आणि माझा आवाज फुटेना. निघायच्या आदल्या रात्री तू म्हणालीस, "पप्पा, देवाला बाप म्हणायला गेले की तुमचाच चेहरा समोर येतो. मग पुढचं म्हणवत नाही." मी ताट सरकवून उठलो. म्हणजे तोच चेहरा पुन्हा दाखवला.

दहावीला गणितात ८८ पडले, तर मी नऊ दिवस तुझ्याशी बोललो नाही. तू रोज संध्याकाळी माझ्या चपला उचलून जागेवर ठेवायचीस, मी काहीतरी बोलेन म्हणून. मला दिसायचं ते. त्याच आठवड्यात ऑफिसात पेढे वाटले होते मी. घरी सांगितलं नाही.

बायबलमधला उधळ्या पुत्राचा दाखला मी संडे स्कूलमध्ये वीस वर्षं शिकवला. घरी परतणारा पोरगा अजून लांबच होता, तेवढ्यात बाप धावत सुटला.

आपल्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं बघ. आई गेली, वडिलांशी पटेना, पोरवयातच घर सोडून नाशिक गाठलं. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण ख्रिस्ताला हाक मारली ती माउली म्हणून, तुकोबांनी विठोबाला मारावी तशी. बायबलातल्या यशयाच्या पुस्तकातही देव म्हणतो, आई एखादे वेळी तान्ह्याला विसरेल, मी तुला विसरणार नाही. तेव्हा 'बाप' शब्द अडत असेल तर माउली म्हण. पण म्हण. हाक मारायची थांबवू नकोस, कृपा.

लागलोच बघ शिकवायला. माफ कर.

सहा वर्षांची असताना तुला विषमज्वर झाला होता. दवाखान्यात रात्रभर तुझ्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होतो आणि देवाशी भांडत होतो, तूही बाप आहेस ना, मग बघतोस काय? पहाटे तू डोळे उघडून विचारलंस, "पप्पा, तुम्ही झोपले नाही?" तुला आठवत नसेल. तो चेहराही माझाच होता गं.

वॉर्डातली म्हातारी माणसं तुला 'सिस्टर' म्हणून हाक मारतात, हे आईने सांगितलं. मी शेजाऱ्यांनाही सांगून आलो. या वेळी तुलाही सांगतोय.

शेंगदाण्याची चटणी आणि गोधडी पाठवलीय. गोधडीत आजीचं गीतांचं पुस्तक मीच गुंडाळलंय. राग आला तर कपाटात ठेव, परत पाठवू नकोस. रात्री झोपताना तू कधी... असू दे. नाइट ड्यूटीला कान झाकून जात जा.

तुझा,
पप्पा