पोक म्हणजे पिशवी

रविवार, रात्री साडेदहा

प्रिय चेडवा,

दुपारचा फोन ठेवल्यापासून एकच गोष्ट मनात घोळतेय. फोनवर ती नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

पिल्लू मक्याचा ब्रेड खात होता. अजून एक तुकडा हवा का, असं तू विचारलंस. तो म्हणाला, ‘आय माइट कुड.’ तू लगेच त्याला थांबवलंस, ‘असं नाही म्हणायचं, आय कुड म्हण.’ त्याने ते निमूटपणे म्हटलं. मग तो तुकडा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला आणि कॉल संपेपर्यंत एक अक्षर बोलला नाही. उन्हाळ्याचे दोन महिने माझ्याकडे, अमेरिकेतल्या या अ‍ॅपलेशियाच्या डोंगरांत, शेजारच्या पोरांबरोबर ओढ्यात डुंबून, पोर्चवर लोळून त्याने ते दोन शब्द मिळवले होते गो.

नंतर मी विषय काढला तेव्हा तू म्हणालीस, ‘शाळेत हसतील त्याला. आणि आई, ती काही आपली भाषा नाही.’ या दोन्ही गोष्टी मला झोपू देत नाहीयेत.

आधी ‘माइट कुड’चं सांगते. तुला वाटतं ती चूक आहे. ‘जमेल’ आणि ‘जमेलसं वाटतंय’ यांत जो फरक आहे ना, तोच ‘कुड’ आणि ‘माइट कुड’मध्ये आहे. हो म्हणायचं, पण समोरच्यावर ओझं टाकायचं नाही, आपणही पुरतं बांधून घ्यायचं नाही. चार वर्षांच्या मुलाने आणखी खायला मागताना ती अदब दाखवली. आयर्लंडच्या उत्तरेकडचं अल्स्टर आणि स्कॉटलंड इथून आलेल्या लोकांनी दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी ही रचना या डोंगरांत आणली. बरोबरच्या इंग्रजीत एका शब्दात हे सांगायची सोय नाही.

तसंच ते ‘अ-हंटिंग’, ‘अ-गोइंग’. बाहेरच्यांना वाटतं, ही माणसं कुठेही ‘अ’ चिकटवतात. वॉल्ट वुल्फ्रम या भाषाशास्त्रज्ञाने याचा बारकाईने अभ्यास केला. ‘तो अ-हंटिंग गेला’ असं म्हणतात, पण ‘हंटिंग मजेचं असतं’ असं म्हणायचं असेल तर तिथे ‘अ’ लावत नाहीत. क्रियापदाला चालतो, नामाला नाही. शाळेचं तोंड न पाहिलेली म्हातारीसुद्धा हा नियम मोडत नाही. ज्या बोलण्याला इतके काटेकोर नियम आहेत, त्याला आपण अशुद्ध कोणत्या तोंडाने म्हणायचं?

आणि कुणी कौतुकाने सांगायला लागलं की डोंगरातली माणसं अजून शेक्सपिअरचं इंग्रजी बोलतात, तर त्यावरही विश्वास ठेवू नकोस. ते खरं नाही, आणि मला तर त्या कौतुकाचाही राग येतो. जणू ही माणसं चारशे वर्षं कपाटात बंद होती! ही जिवंत माणसांची आजची भाषा आहे, आणि ती रोज बदलते.

आता तुझं दुसरं म्हणणं. आपली भाषा नाही?

मी 1989 मध्ये इथे आले तेव्हा दुकानातल्या मुलीने सामान बांधताना विचारलं, ‘यू वॉन्ट अ पोक?’ मला ‘पोक’चा एकच अर्थ माहीत होता, टोचणे. मी घाबरून दोन पावलं मागे सरकले. मागे रांगेत मॅमॉ उभी होती, इथल्या बोलीत मॅमॉ म्हणजे आजी. तिने कागदी पिशवी उचलून माझ्यासमोर धरली आणि हळूच म्हणाली, ‘पोक, हनी.’ या डोंगरात मला मिळालेला पहिला शब्द तो. बाबांना दवाखान्यात त्यांचे शब्द मिळाले. चक्कर येते म्हणायला ‘स्विमी-हेडेड’, तब्येत बरी नाही म्हणायला ‘प्यूनी’. मधुमेहाला ही माणसं ‘शुगर’ म्हणतात हे कळल्यावर बाबा घरी येऊन किती हसले होते! आपल्या कुडाळातही ‘तिका साखर आसा’ असंच म्हणत होते ना सगळे.

तू जन्मलीस 1991 मध्ये. त्याच वर्षी केंटकीतल्या लेक्सिंग्टनमध्ये फ्रँक एक्स वॉकर नावाच्या कवीने ‘ॲफ्रिलेशिया’ हा शब्द घडवला. अ‍ॅपलेशियन म्हणजे या डोंगरांतली गोरी माणसं, असा अर्थ त्याला शब्दकोशात सापडला होता. मग इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली काळी माणसं कोण? शब्दकोशात जागा नव्हती, त्याने स्वतःच शब्द केला. ज्या बँजोवर सगळे या डोंगरांची छाप मारतात, तो आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांबरोबर आला. चेरोकी, इथले मूळ रहिवासी, तर सगळ्यांच्या आधीपासून इथे आहेत. त्यांच्यातल्या सिक्वोयाने 1821 च्या सुमारास आपल्या भाषेसाठी स्वतः लिपी बनवली. हे डोंगर कधी एकट्या कुणाचे नव्हतेच. तू ‘डोंगर’ म्हणायच्या आधी ‘हॉलर’ म्हणायला शिकलीस. आपलं घर त्या घळीतच आहे. मग ती भाषा तुझी नाही तर कुणाची?

मॅमॉ तुला आठवते तशी मला आठवत नाही, कारण तू तिच्या मांडीवर बसायचीस आणि मी समोर. जुलै संपत आला की ती पोर्चवर फरसबीची टोपली घेऊन बसायची. शेंगेच्या दोन्ही टोकांचे दोर काढायचे, जाड दोऱ्याची सुई शेंगेच्या बरोबर मधून घालायची, शेंग खाली सरकवायची, मग पुढची. बोटं न बघता चालायची. माळ हातभर झाली की खिळ्याला टांगायची. त्या ‘लेदर ब्रिचेस’ पहिल्यांदा बघितल्या तेव्हा मला आधी अबोलीचा वळेसार आठवला आणि मग आजीची आगोट. पावसाळ्यासाठी सुकवलेली आमसुलं, फणसाचे पापड, खारवलेली मासळी. इथे बर्फासाठी, तिथे पावसासाठी. मी तिच्या शेजारी खाली बसले आणि सुई मागून घेतली. त्या दिवसापासून मला इथे परकं वाटेनासं झालं.

पुस्तकं तिच्या घरी कशी आली, ते तुला तिने सांगितलं होतं का? ती सात-आठ वर्षांची होती. मंदीचे दिवस, खाणी बंद, रस्ते नाहीत, ओढ्याचं पात्र हाच रस्ता. 1935 ते 1943 या काळात सरकारच्या रोजगार योजनेतून इथल्याच बायका घोड्यावर नाहीतर खेचरावर बसून घरोघर पुस्तकं पोचवत होत्या. महिना 28 डॉलर, आणि जनावर ज्याचं त्याने आणायचं. पुस्तकं लोकांनी दिलेली, फाटकीतुटकी. ज्यांची पानं पार निघाली, त्यांतली चित्रं, पाककृती, गोधड्यांचे नमुने कापून वह्यांत चिकटवायचे आणि त्या वह्या फिरवायच्या. मॅमॉ म्हणायची, तिच्या आईला वाचता येत नव्हतं, पण गोधडीच्या वहीची ती वाट बघायची. एकदा तिने स्वतःचा नमुना कागदावर उतरवून त्या ‘बुक वुमन’च्या हाती दिला, आणि तो पुढच्या वहीत डकवून खोऱ्यापलीकडे गेला. पुस्तक बाहेरून आलं आणि जाताना इथलं काहीतरी घेऊन गेलं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

केंटकीतल्याच हिंडमनच्या सेटलमेंट स्कूलमध्ये जेम्स स्टिल ग्रंथपाल होते, त्यांची कथाही अशीच. पुस्तकांचं खोकं खांद्यावर घेऊन ते डोंगरातल्या एकेका शाळेत पायी जात. पुढे मोठे लेखक झाले, पण राहिले याच मुलखात, एका जुन्या लाकडी घरात. ही माणसं जशी बोलतात तसं त्यांच्या कानात बसलं होतं, म्हणून त्यांच्या कागदावरही तसंच आलं.

जुलै 2022 च्या पुरात त्याच शाळेत पाणी शिरलं. व्हाइट्सबर्गमध्ये कला आणि माध्यमांचं काम करणाऱ्या अ‍ॅपलशॉपने 1969 पासून जपलेल्या फिती, चित्रफिती, फोटो चिखलात गेले. तेव्हा मी हिंडमनला जाऊन आले, हे तुला फोनवर ओझरतं सांगितलं होतं. आम्ही बायका ओली पानं एकमेकींपासून सोडवत होतो. सुरीचं बोथट टोक, खाली टीपकागद, आणि श्वास रोखलेला. एक पान सुटायला कधी पाच मिनिटं लागायची. माझ्या वाट्याला आलेलं एक पत्र पेन्सिलीने लिहिलेलं होतं. शाई सगळीकडे फुटली होती, पेन्सिल मात्र जशीच्या तशी. एक ओळ वाचता आली, गाईबद्दल होती. कुणाची गाय, कुणास ठाऊक. मी ते पान सुकेपर्यंत तिथून हलले नाही.

चेडवा, तुला एक गोष्ट मी कधीच सांगितलेली नाही. पुण्याला होस्टेलवर गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी जेवताना म्हटलं, ‘माका भात होयो.’ टेबलावरच्या मुली हसल्या. महिनाभर मला त्याच नावाने हाक मारत होत्या. मी ठरवलं, पुन्हा नाही. दिवाळीला घरी गेले ती ‘मला हवंय, तुला नकोय’ बोलत. आईने पहिल्या दिवशी विचारलं, ‘तुका काय होया?’ मी तिला बरोबर काय म्हणायचं ते सांगितलं. तिने मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याशी जपून, शब्द निवडून बोलायला लागली, पाहुण्यांशी बोलायची तशी. शेजारणींशी तिच्या गजाली रंगायच्या आणि मी आत आले की त्या थांबायच्या. ती जाईपर्यंत तसंच राहिलं. आज दुपारी पिल्लूच्या चेहऱ्यावर मला तिचा चेहरा दिसला.

म्हणून उद्या एक खोकं पाठवतेय.

त्यात पिल्लूसाठी सिंथिया रायलंटचं ‘व्हेन आय वॉज यंग इन द माउंटन्स’ आहे. वेस्ट व्हर्जिनियात आजी-आजोबांकडे वाढलेल्या मुलीने लिहिलेलं, 1982 चं. त्याला दर महिन्याला गायिका डॉली पार्टनच्या संस्थेचं पुस्तक येतंच. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं म्हणून त्या बाईने 1995 मध्ये आपल्या सेव्हियर काउंटीत हे सुरू केलं. तीही या डोंगरांचीच, आणि तिने आपली बोली कुठल्याच मंचावर पुसली नाही. हे पुस्तक मात्र माझ्याकडून. वाचशील तेव्हा मॅमॉच्या आवाजात वाच. तुला तो आवाज काढता येतो, मी ऐकलंय.

‘फॉक्सफायर’चा पहिला खंड बाबांचा आहे, जपून वापर. जॉर्जियातल्या रेबन गॅपच्या शाळेतल्या मुलांनी 1966 मध्ये आपल्याच भागातल्या म्हाताऱ्यांना प्रश्न विचारून मासिक काढलं, त्याचं 1972 मध्ये हे पुस्तक झालं. लाकडी घर कसं बांधायचं, साबण कसा करायचा, सगळं म्हाताऱ्यांच्या शब्दांत.

आणि तुझ्यासाठी हॅरिएट आर्नोचं ‘द डॉलमेकर’, 1954 चं. आर्नो केंटकीची, काही वर्षं तुझ्या सिनसिनाटीतही राहिलेली. तिची गर्टी युद्धाच्या काळात मुलांना घेऊन डेट्रॉइटला जाते. तिथे सगळे एकच सांगतात, जुळवून घ्या. तिच्या धाकटीची एक मनातली मैत्रीण असते, कॅली लू. मुलीला कुणी वेडी म्हणू नये म्हणून आईच तिला सांगते, कॅली लू नाहीच. पुढचं तू वाच. रात्री एकटी असताना वाचू नकोस.

या डोंगरांतल्या बोलीचा शब्दकोश मी वाचनालयातून वाचते, तो पाठवता येणार नाही. ग्रेट स्मोकी माउंटन्सचं राष्ट्रीय उद्यान करताना तिथली कुटुंबं उठवली, तेव्हा जोसेफ हॉल नावाचा तरुण 1937 पासून त्या माणसांचं बोलणं टिपत हिंडला. त्याचं काम मायकल मॉन्टगोमेरीने हाती घेतलं आणि आयुष्यभर वाढवलं. शेवटचा मोठा कोश 2021 मध्ये निघाला, तो छापलेला बघायला मॉन्टगोमेरी राहिला नव्हता. त्यात ‘पोक’ आहे. मी पहिल्यांदा तोच शब्द काढून बघितला.

शाळेत हसतील, हे तुझं म्हणणं खोटं नाही. हसतील. पण तुझ्याच शहराने 1992 मध्ये कायदा करून ठेवलाय, अ‍ॅपलेशियन मूळ असल्यावरून कुणाशी भेदभाव करता येणार नाही. कारखान्यांसाठी डोंगर उतरून तिथे गेलेल्या माणसांनी बोलण्यावरून किती सोसलं असेल, तेव्हा असा कायदा करावा लागला. पिल्लूला शाळेचं इंग्रजी येईलच, त्याची काळजी शाळा घेईल. माझ्याशी तो मराठीत बोलतो, तुझ्याशी इंग्रजीत. त्याच्या डोक्यात तिसऱ्या बोलीलाही भरपूर जागा आहे. फक्त घरात, जेवताना, तिला आडवी जाऊ नकोस. एवढंच मागते.

खोक्याच्या तळाशी पोकमध्ये गुंडाळून लेदर ब्रिचेसची एक माळ ठेवली आहे, या वर्षीची. पिल्लूने माझ्याबरोबर ओवली होती, मधल्या वाकड्या शेंगा त्याच्या. दोरा काढून टाक, रात्रभर भिजत घाल, सकाळी ते पाणी ओतून दे. ताज्या पाण्यात मंद आचेवर दोन-अडीच तास तरी ठेव, घाई केलीस तर चिवट राहतील. इथे डुकराची खारवलेली चरबी घालतात. मी शेवटी मूठभर ओलं खोबरं घालते, बाबांना तशाच आवडतात. मीठ शेवटी.

तुझी,
आई